तू ओके केलेली सानू

दादा, मी अजून तिला सांगितलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पानभर रडगाणं गाईन आणि मुद्द्याला बगल देईन. माझी खोड तुला माहितीय. तू गेलास त्याचा आज नववा दिवस. शेवटच्या महिन्यात तू रोज दुपारी दुकानातून फोन करायचास आणि एकच विचारायचास, सांगितलंस का गो. मी रोज म्हणायचे, बघते, आज तिचा मूड धड नाही. आता फोन येत नाही. तरी तीन वाजले की शिलाई मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबतो.

काल वहिनीकडे बॅनरवरून वाद झाला. तेराव्याला आपल्या पालेगावच्या नाक्यावर तुझा श्रद्धांजलीचा बॅनर लागलाच पाहिजे असं सगळ्या भाऊबंदांचं म्हणणं. बरोबरच आहे. गेली वीस वर्षं गावात कोणी जन्माला आलं, दहावी पास झालं, हळदीला बसलं किंवा गेलं, की बॅनर कॅम्प पाचच्या बाजारातल्या तुझ्या फोटो-बॅनरच्या दुकानातून यायचा. आता तुझाच करायचा तर करणार कोण आणि तुझा फोटो आणायचा कुठून? सगळ्या गावाचे फोटो काढलेस, स्वतःचा एक धड ठेवला नाहीस. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये असेल म्हणून शोध सुरू झाला. वहिनीला त्या शटरकडे बघवत नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी जाते म्हटलं. मला जायचं नाहीये. त्या कॉम्प्युटरमध्ये आणखी काय आहे ते तुला आणि मलाच माहीत होतं, आणि आता एकटीलाच माहीत आहे.

सरळच लिहिते. माझ्या सानिकाच्या पंधराव्या वाढदिवसाचा बॅनर तू मामा म्हणून हौसेने केलास. छापायच्या आधी मला फोनवर प्रूफ पाठवलंस. फोटो तुझ्याच दुकानात काढलेला. पिवळा कुर्ता, हनुवटीवर दोन पुटकुळ्या, नाकावर चष्म्याचे वण, आणि रंग तिचा स्वतःचा, म्हणजे आपल्या आईचा. खाली तू विचारलंस, ओके ना? माझ्यासमोर तेव्हा एक बाई फिटिंगला उभी होती, तोंडात टाचण्या होत्या. मी एका हाताने लिहिलं, अरे फोटो टच कर ना जरा, सगळ्यांचा करतोस, गोरी कर, गाल पण कमी कर. तू लिहिलंस, आपल्या पोरीला कशाला? मी लिहिलं, नाक्यावर लागणार आहे, लोक बघतात. तासाभराने दुसरं प्रूफ आलं आणि मी अंगठा पाठवला.

एवढंच केलं मी. दोन ओळी आणि एक अंगठा.

मी दिवसभर बायकांची मापं घेते. कमरेला टेप लावला की प्रत्येक बाई आधी पोट आत घेते. दंड जाड दिसतो, बाही लांब ठेव. पाठ काळी आहे, गळा वर घे. सानू माझ्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत मोठी झाली, हे सगळं ऐकतच. आणि मी स्वतः तिला काय सांगत आले? उन्हात खेळू नको, काळी पडशील. दही लाव. अगदी आजीवर गेलीस गं बाई. हे म्हणताना मी हसायचे. कुणाला वाटेल माझी माया कमी होती. जीव ओवाळून टाकते रे मी त्या पोरीवरून. म्हणूनच तर ती चांगली दिसायला हवी होती मला. आता हे लिहिताना माझंच मला कळत नाही, ह्यात 'म्हणूनच' कुठून आलं.

मग नववीत क्लासच्या ग्रुपसाठी म्हणून तिला फोन दिला. तिच्याच वयाच्या पोरी, कोण कुठल्या, पहाटे उठतात, तोंड धुतात, वही उघडतात. तोंडावर एक डाग नाही आणि वहीत एक खाडाखोड नाही. सानू ते बघायची आणि बाथरूमच्या आरशासमोर जाऊन उभी राहायची. एकदा बाहेर येऊन मला विचारलं, आई, माझी जॉ लाइन कुठेय? मला वाटलं भूमितीतलं काहीतरी असेल, ती जबड्याची रेघ शोधत होती. पोळ्या तीनाच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. मी म्हटलं, बरंय, सुटत चालली होती. एकदा तिने फोनवर स्वतःचा चेहरा दाखवला, नाक बारीक, डोळे मोठे, सगळं गुळगुळीत, आणि म्हणाली, ही मी. मग फिल्टर काढला आणि म्हणाली, आणि ही चूक. माझा कुकर शिट्टी देत होता, मी तिकडे धावले. तुला मी हे गंमत म्हणून सांगितलं. तू हसला नाहीस.

तूच म्हणालास, मे महिन्यात हिला माझ्याकडे दुकानात बसव. आणि मला म्हणालास, मने, ह्या पोरी दिवसभर जे बघतात ना ते माझंच काम हाय. फरक एवढाच की माझ्याकडे माणूस समोर बसून, सांगून करून घेतो. तिथे कोण सांगत नाय. मला तेव्हा ते तुझं नेहमीचं तत्त्वज्ञान वाटलं.

सानू घरी येऊन तुझ्या दुकानाच्या गोष्टी सांगायची. एक सिंधी काकू पुतणीला लग्नाच्या बायोडाटाच्या फोटोसाठी घेऊन आल्या होत्या. भाऊ, थोड़ा रंग खोल दो, और ये गाल अंदर करो. तू म्हणालास, आंटी, कर दूँगा, पर लड़का तो घर आके देखेगा, तब मैं माउस लेके साथ में बैठूँ क्या? काकू हसल्या, पुतणी हसली, आणि आमची सानूही हसली. तू त्याच दुपारी मला मुद्दाम फोन केलास, सानू आज हसली गो, दात दाखवून हसली. नंतर तू तिला स्क्रीनवर त्या पुतणीचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून दाखवलेस. तू म्हणालास, ह्या दोघींतल्या एकीलाच घाम येतो, एकीलाच भूक लागते. आता सांग खरी कोण? हे तिने मला जेवताना सांगितलं आणि त्या दिवशी दुसरी पोळी मागून घेतली. त्या महिन्यात ती दुकानातून यायची ती वडापाव खाऊन यायची आणि मी ओरडायचे की जेवण वाया जातं. आज कुणी तिला वडापाव खायला घातला तर मी त्याचे पाय धरीन.

ती सुधारत होती, दादा. तुझ्या हातून सुधारत होती. जगात एका माणसाने तिला सांगितलं होतं की ते सगळं खोटं आहे आणि तू खरी आहेस. आणि मग त्याच माणसाच्या दुकानातून तिचाच चेहरा दुसराच होऊन आला, दहा फुटांचा, खाली शुभेच्छुकांच्या गोल गोल फोटोंची रांग. त्या रांगेत मीही होते, आणि मीही टच केलेली.

बॅनर दोन ठिकाणी लागला, एक नाक्यावर आणि एक आमच्या बिल्डिंगच्या गेटसमोर. दुसऱ्या दिवशी तिच्या क्लासमधल्या कुणीतरी बॅनरचा फोटो काढला. त्याच्या शेजारी शाळेच्या कबड्डीच्या मॅचमधला तिचा घामाघूम फोटो लावला. एकावर लिहिलं, 'ऑर्डर किया था' आणि दुसऱ्यावर, 'घर पे ये आया'. मागे कसलंतरी गाणं. संध्याकाळपर्यंत ती रील मलाही आली, माझ्याच एका गिऱ्हाइकाकडून, तुमची सानूच ना म्हणून, वर हसणारी तोंडं. माझ्या हाताखाली त्याच बाईचा ब्लाउज होता. मी तो पुरा केला, दादा. बटणं लावली, इस्त्री केली आणि दिला. काय बाई आहे मी.

सानूने शाळा सोडली म्हणता येणार नाही, ती फक्त जाईनाशी झाली. घरातसुद्धा मास्क लावायला लागली. बाथरूमच्या आरशावर ओढणी टाकली. जेवण खोलीत नेऊन ठेवायचं आणि होतं तसं परत आणायचं. आपल्या आईने गावाहून येऊन मीठ-मिरच्या ओवाळल्या, पोरीला नजर लागली म्हणाली. मला वाटलं, लागली खरी. माझीच लागली.

तू लगेच स्कूटर काढून आलास. बंद दाराबाहेर उभा राहिलास, हेल्मेट हातात तसंच. म्हणालास, "सानू, चूक माझी हाय. हात सवयीने गेला."

आतून ती म्हणाली, "तुलापण मी आहे तशी नको होते ना मामा?"

तू वळून माझ्याकडे बघितलंस. एका वाक्याचं काम होतं. मी ओट्यावरचं फडकं उचललं आणि ओटा पुसायला लागले. स्वच्छ ओटा. मला आजही त्या फडक्याचा ओला वास येतो. तू दोन क्षण वाट बघितलीस आणि दाराकडे तोंड करून म्हणालास, तसं नाय गो पोरी. ती म्हणाली, तू जा.

जिन्यात मी तुझ्यामागे आले. तूच म्हणालास, "मने, पोरीने एका माणसाला टाकायचंच असेल तर मामाला टाकू दे. आई लागेल तिला." आणि मला हलकं वाटलं. हे मी कुणाजवळ बोललेले नाही. तू माझं पाप उचलून खांद्यावर घेतलंस, जिना उतरलास, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी वर आले आणि चहा केला.

पुढचे दोन महिने तू दर रविवारी येत राहिलास. दाराबाहेर बसायचास, आत जाईल अशा आवाजात माझ्याशी काहीबाही बोलायचास. दुकानात आज कोण आलं, कोणाच्या बॅनरवर वाढदिवसाच्या जागी चुकून श्रद्धांजली छापून कसा राडा झाला. आतून हूं की चूं नाही. तिने तुझा नंबर ब्लॉक केला. ते कळलं तेव्हा तुझा चेहरा पडला, पण तू म्हणालास, करू दे. तिला तुझा राग आहे म्हणून मी बिनघोर होते. मी आत जेवण घेऊन जाऊ शकत होते. केस विंचरू देत होती ती मला. दादा, त्या केस विंचरण्यासाठी मी तुला विकलं.

मग तू रोज फोन करायला लागलास. मला वाटलं होतं चार दिवसांत निवळेल, म्हणायचास. आता सांग तिला. शेवटच्या फोनवर तू म्हणालास, "ती मला नाय टाकत गो मने. ती स्वतःलाच टाकते." आणि मी भडकले. मी काय बोलले ते तुला आठवत असेल, तू ते घेऊनच गेलास. मी म्हटलं, तुझा धंदाच खोट्याचा आहे, वीस वर्षं लोकांची तोंडं बदलून पोट भरतोस, तू मला खरं बोलायला शिकवू नकोस. पलीकडे छपाईच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. तू म्हणालास, ठेवतो. तो मंगळवार होता. शुक्रवारी भर दुपारी तू दुकानातल्या खुर्चीतच गेलास. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी म्हटलं नाही कुणाला, पण मला कारण माहीत होतं. निदान एक कारण तरी.

सानू आली होती पालेगावला, दादा. एवढ्या दिवसांनी घराबाहेर पडली ती त्यासाठी. मास्क लावून, डोक्यावरून ओढणी घेऊन. तुझ्या पायांजवळ उभी राहिली. सगळ्या बायका रडत होत्या, ही रडली नाही. परत येताना रिक्षात तिने मला विचारलं, त्या दिवशी दुपारी मामाने मला फोन केला असेल का गं? मी ब्लॉक केला होता ना. मी म्हटलं, नाही गं, असं काही नसतं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. रिक्षाला कुठली आली खिडकी, पण ती अशी बसली होती की जणू मध्ये काच आहे.

त्यानंतर ती जे बोलली ते मला लिहवत नाही, पण लिहिते. आमच्या अंबरनाथ पूर्वेलाच मनाच्या एक डॉक्टर बाई बसतात, त्यांच्याकडे तिला नेलं. माझ्यासमोर त्यांना म्हणाली, मी असले की माणसांचं वाईटच होतं, मी नसलेली बरी. शांतपणे म्हणाली, जसं कुणी भाजीत मीठ कमी आहे म्हणतं. डॉक्टरांनी तिच्याशी एकटीशी तासभर बोलून घेतलं, मग मला आणि तिच्या पप्पांना आत बोलावलं. हिला एकटं ठेवायचं नाही, म्हणाल्या. तिच्याशी बोलत राहा, ती काय म्हणते ते ऐका, दर दोन दिवसांनी घेऊन या, आणि जास्त वाटलं तर वेळकाळ न बघता फोन करा. सानूच्या पप्पांनी घरी येऊन आधी तिच्या खोलीची कडी काढली. कंपनीत हाताखाली दहा माणसं आहेत त्यांच्या, पण त्या चार स्क्रूंना त्यांना अर्धा तास लागला.

मी डॉक्टरांना एकटी जाऊन सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. विचारलं, आता हे कळलं तर ती आणखी खचेल का? मामा गेला, आता आईपण गेली असं तिला वाटलं तर? त्या म्हणाल्या, ती जे ओझं वाहतेय ते तिचं नाहीच आहे, तुम्ही ते तिच्याकडे किती दिवस ठेवणार? पण सांगाल तेव्हा वडील घरात असू देत, आणि ती जे काही बोलेल त्यावर स्वतःची बाजू मांडायची नाही. मला म्हणाल्या, हे शेवटचं जमेल का तुम्हाला? बाईने माझी पाच मिनिटांत पारख केली.

उद्या दुकानात जाते. आल्यावर सांगते तिला. सांगते की नाही बघ. माझा मलाच भरवसा नाही.

*

दोन दिवस वही उघडली नाही. उद्या तेरावं.

परवा दुकानात गेले होते. शटर वर करायला शेजारच्या जीन्सच्या दुकानातल्या सिंधी साईंनी हात लावला, तुझं नाव काढून डोळे पुसले. आत फ्लेक्सचा तो वास तसाच. तुझ्या खुर्चीत मी बसले नाही, स्टूल ओढलं. कॉम्प्युटर वहिनीने सांगितलं तसा चालू केला. फाइलींना नावं द्यायची तुझी ती जुनी पद्धत बघून त्यातही हसू आलं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं फायनल, फायनल दोन, फायनल पक्का, आईशप्पथ फायनल. 'घरचे' म्हणून एक फोल्डर होता. त्यात तुझा एक फोटो मिळाला, कुणीतरी दुकानात काढलेला, दाढी वाढलेली, पुढचा दात अर्धा तुटलेला, समोर चहा. आणि त्याच्याच खाली दोन फाइली.

एकीचं नाव होतं 'सानू ओके'. दुसरीचं, 'सानू मनीचं ऐकून'.

अरे, तू हे नाव ठेवलंस तेव्हा काही झालेलं तरी कुठे होतं? रील नव्हती, भांडण नव्हतं. तू आपला नेहमीसारखा नाव देऊन मोकळा झालास. तुझ्या लेखी एक पोर ओके होती आणि एक माझं ऐकून केलेली. मी दोन्ही उघडल्या. पहिल्या फोटोत ती काय गोड दिसते रे. मी आई, मला ते तेव्हा दिसलं नाही. टाचण्या होत्या ना तोंडात.

आणि आता जे केलं ते पण सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. मी दुसऱ्या फाइलीवर जाऊन डिलीट दाबलं. नक्की काढायची का, असं त्याने विचारलं. तुला कळलं नसतं, वहिनीला कळलं नसतं, आणि सानूला मामाने केलं असंच आयुष्यभर वाटलं असतं. माझा हात माउसवर होता, आणि किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. मग मी 'नाही'वर दाबलं. शूरपणाने नव्हे, घाबरून. मला वाटलं, हे पुसलं तर पोरगी हातची जाईल आणि मला कळणारही नाही का गेली ते. फोन काढून स्क्रीनचा फोटो घेतला, दोन्ही चेहरे आणि खाली दोन्ही नावं येतील असा. तुझा तो चहावाला फोटो पुढच्या गल्लीतल्या बॅनरवाल्याला दिला. त्याने विचारलं, ताई, दात नीट करून देऊ का, थोडा उजळ पण करतो. मी त्याच्यावर अशी खेकसले की बिचारा माफी मागायला लागला.

सानूचे पप्पा पहिल्या पाळीवरून चारला येतात. ते आले, चहा झाला, आणि मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. ती पलंगावर, मास्क लावलेला, गुडघे पोटाशी. मी फोन तिच्या हातात दिला. "पहिला फोटो मामाने ओके केला होता," मी म्हटलं. "दुसरा मी करायला लावला. मामा नको म्हणत होता."

तिने आधी नावं वाचली. मग पहिल्या फोटोवर दोन बोटं ठेवून तो मोठा केला, हनुवटीपर्यंत, त्या पुटकुळ्यांपर्यंत. बराच वेळ बघत राहिली. हॉलमध्ये तिच्या पप्पांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, आता रडेल आणि मी तिला जवळ घेईन. ती रडली नाही. तिने विचारलं, "मामा दाराबाहेर उभा होता तेव्हा तू कुठे होतीस?"

"इथेच," मी म्हटलं. "ओटा पुसत होते."

मग तिने मास्क ओढून काढला, दादा. ओरडायला अडत होता म्हणून काढला. तीन महिन्यांनी मी माझ्या पोरीचं तोंड उजेडात पूर्ण बघितलं आणि ते माझ्यावर ओरडत होतं. तो मेला आई, म्हणाली, तो मेला आणि मला वाटत होतं मी मारला. तू मला रोज वाढत होतीस आणि तुला माहीत होतं. तुला मी कधीच ओके नव्हते, लहानपणापासून नव्हते. दही लाव, उन्हात जाऊ नको, सगळं सगळं काढलं तिने, मी विसरलेलंसुद्धा. उशी फेकली, पाण्याची बाटली फेकली. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. पप्पा उठून आत यायला लागले, मी हाताने थांबवलं. माझ्या ओठांवर येत होतं, अगं मी तुझ्या भल्यासाठीच. दातांनी धरून ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलेलं ते एकच मला जमलं. मी फक्त म्हटलं, हो. मी चुकले. तुझ्यात काही चुकलेलं नव्हतं. ती म्हणाली, बाहेर जा.

मी बाहेर आले. कडी तर नाहीच दाराला, तिने ते नुसतं लोटलं.

डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांनी तिच्याशी बोलून घेतलं, मग मला म्हणाल्या, राग आला ना तिला, येऊ दे. आजवर तो तिच्या स्वतःवर होता. तुमच्यावर आहे तोवर तुम्ही तिथून हलू नका. त्या रात्री तिने पप्पांच्या हातची खिचडी खाल्ली, अर्धी वाटी. माझ्या हातचं घेत नाही. केस विंचरू देत नाही, स्वतःच कसेतरी बांधलेत. माझ्याकडे बघत नाही. पप्पा कामाला गेले की मी दाराशी पाट टाकून बसते, तू बसायचास तिथेच. मशीन बंद आहे. बायका फोन करतात, ताई ब्लाउज कधी, मी म्हणते, दुसरीकडे द्या.

दादा, तू उचललेलं मी परत घेतलं. उशिरा घेतलं, तू नसताना घेतलं, आणि तुझी माफी मागायला तू नाहीस. मामाला टाकू दे म्हणालास, आई लागेल तिला म्हणालास. आता तिने मलाच टाकलं तर? मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. तिने मला टाकावं, खुशाल टाकावं, जन्मभर तोंड बघू नये, पण स्वतःला टाकू नये. एवढंच मागतेय. कुणाकडे मागतेय ते माहीत नाही, म्हणून तुझ्याकडे.

हे लिहिताना आत्ता, दुपारी, आतून आवाज आला.

"तू अजून तिथेच आहेस का?"

मी म्हटलं, हो.

मग म्हणाली, "जाऊ नकोस. पण बोलू पण नकोस."

नाही बोलत. बसलेय.